मदत हवी आहे : 'इनॉक्युलेट'चा मराठीत नेमका अर्थ काय? (तातडीचं, उद्या ११ वाजता प्रेस)

मोर्शीचा_पोट्टा (रात्री ८.०४)
नमस्कार मंडळी. 'इनॉक्युलेट' या इंग्रजी क्रियापदाला मराठीत काय म्हणावं? डिक्शनरी 'लस टोचणे' एवढंच देते, आणि ते बसत नाही. वाक्यात टाकलं की वाचणारा हसते. उद्या ११ वाजता प्रेसवाल्याला मजकूर द्यायचा आहे. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा. 'गुगल करून पाहा' कोणी सांगू नका, दुपारपासून तेच करून राहिलो.

आशाताई_धारणी (८.११)
लस देणे किंवा लसीकरण करणे, दोन्ही चालते. बाळ किती दिवसांचं आहे? बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि हेपॅटायटिस-बी जन्मल्यावर लगेच. मग ६, १० आणि १४ आठवड्यांनी पेंटा. ९ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. टोचल्यावर ताप आला तर घाबरून पुढचा डोस चुकवू नका. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, आमच्या इकडं अर्धी कार्डं पावसात भिजतात.

मोर्शीचा_पोट्टा (८.१३)
ताई, बाळ नाही. लग्नच झालं नाही. शब्दाचा अर्थ पाहिजे.

हरभरा_आणि_तूर (८.१९)
भाऊ, हे बीजप्रक्रियेचं आहे, मी १००% सांगतो. रायझोबियमच्या पाकिटावर हाच शब्द असते. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला. गुळाचं पाणी करायचं, थंड होऊ द्यायचं, त्यात जिवाणू कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असंन तर ते अगोदर, जिवाणू शेवटी. लोक उलटं करतात आणि मग म्हणतात गाठी आल्याच नाहीत. उपटून पाहा, गाठ फोडली की आत लालसर दिसली पाहिजे. मराठीत लिहा 'जिवाणू संवर्धन लावणे'. विषय संपला.

मोर्शीचा_पोट्टा (८.२२)
सोयाबीनचा काही संबंध नाही यात. हरभऱ्याचाही नाही.

हरभरा_आणि_तूर (८.२३)
मग कायचा आहे ते सांगा ना. आम्ही काय अंगात आणून सांगावं?

निवृत्त_मास्तर_दर्यापूर (८.३०)
प्रश्नकर्त्यास तीन प्रश्न. १) पूर्ण वाक्य काय आहे? २) मजकूर कशाचा आहे, कोणत्या काळातला? ३) स्पेलिंग काय लिहिलं आहे? संदर्भ न देता अर्थ विचारणं म्हणजे नुसतं 'पान' लिहून अर्थ मागणं. झाडाचं, पुस्तकाचं, की खायचं?

मोर्शीचा_पोट्टा (८.३८)
सर, स्पेलिंग आय, एन, एन, ओ, सी... बाकी तुम्हाला माहीत आहेच. वाक्य असं आहे : 'टू हंड्रेड फॉर्टी स्टॉक्स इनॉक्युलेटेड.' मी लिहिलं होतं, '२४० साठ्यांना लस टोचली.' बाबा म्हणाले, साठ्याला कोण लस टोचते बे?

मूळ_शोधा (८.४१)
दोन एन म्हणजे 'इनोसंट'च्या घरातला शब्द. निरुपद्रवी करणे. रोगाचा दात काढून टाकणे. सोपं आहे.

निवृत्त_मास्तर_दर्यापूर (८.४६)
सोपं आहे, पण चूक आहे. या शब्दात एन एकच आणि सीसुद्धा एकच. 'इनोसंट' आणि 'इनॉक्युअस' यांत दोन एन आहेत, कारण तिथं लॅटिनमधलं 'नोसेरे' म्हणजे इजा करणे हे क्रियापद आहे आणि त्याच्यापुढं नकार. इनॉक्युलेटचा त्या घराशी सोयरसंबंध नाही. इंग्रजांची पोरंसुद्धा इथं हमखास दुसरा एन घालतात, त्यामुळं मोर्शीकरांनी वाईट वाटून घेऊ नये. मूळ कागदावर किती एन आहेत?

मोर्शीचा_पोट्टा (८.४९)
पाहिलं. एकच आहे. दुसरा माझाच.

गोठा_डॉट_कॉम (८.५२)
स्टॉक म्हणजे गुरंढोरं! लाइव्हस्टॉक ऐकलं नाही का? '२४० जनावरांना लस टोचली.' जुना कागद असंन तर बुळकांडीची लस असणार. तो रोग २०११ मध्ये जगातूनच संपला, माणसाच्या देवीनंतर संपलेला हा दुसराच. आता लम्पीचं पाहा. आमच्याकडं दोन गोऱ्हे आणि एक गाभण गाय गेली. लस आली तेव्हा गाठी आल्या होत्या. आणि शब्दाचं मूळही गायच आहे बरं. लॅटिनमध्ये गाय म्हणजे 'वाका', त्यावरून आला.

निवृत्त_मास्तर_दर्यापूर (८.५७)
'वाका'वरून आला तो 'व्हॅक्सिनेट', हा नव्हे. एडवर्ड जेन्नरनं १७९६ च्या मे महिन्यात गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या (गाईंना होणाऱ्या देवीच्या) फोडातला द्रव एका आठ वर्षांच्या पोराच्या दंडाला टोचला, तिथून गाय आली. पुढं १८८१ मध्ये लुई पाश्चरनं सुचवलं की जेन्नरच्या मानाखातर सगळ्याच लशींना व्हॅक्सिन म्हणावं. म्हणून आज कुत्रा चावल्यावरच्या लशीतही नावापुरती गाय आहे. इनॉक्युलेट याच्या पुष्कळ आधीचा. प्रश्नकर्त्यानं माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही.

फळगळ_ग्रस्त (९.०२)
विषयांतराबद्दल माफी. आंबिया बहाराची फळं पटापट गळून राहिली. देठाजवळ काळं पडते. ६०० झाडं आहेत. कोणी अनुभवी असतील तर सांगा.

मोर्शीचा_पोट्टा (९.०५)
फळगळवाले भाऊ, वेगळा धागा काढा ना, हात जोडतो.
सर, सांगतो. माझे पणजोबा इंग्रजाच्या काळात बागेवर मुकादम होते. त्यांच्या ट्रंकेत एक वही सापडली. साहेबाला दाखवायची म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचे. पहिली पानं वाळवीनं खाल्ली, त्यामुळं साल कळत नाही. गावच्या शाळेची स्मरणिका निघून राहिली, त्यात दोन पानं वहीची आणि खाली मराठी अर्थ असं ठरलं. मी बी.ए. इंग्रजी म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

गोठा_डॉट_कॉम (९.०७)
बागेत २४० जनावरं? मग बाग राहिली कुठं?

निवृत्त_मास्तर_दर्यापूर (९.०८)
बाग! तासाभरापूर्वी हा एक शब्द लिहिला असता तर एवढी वणवण झाली नसती. कशाची बाग?

मोर्शीचा_पोट्टा (९.०९)
संत्र्याची सर. आमच्याकडं आणखी कशाची असते?

पन्हेरीवाला_शेंदुरजना (९.२०)
अरे बाप्पा. इतका वेळ वाचून राह्यलो अन् हसून राह्यलो. भाऊ, स्टॉक म्हंजे खुंट. जंबेरीचा, म्हंजे रानलिंबाचा खुंट. त्याच्यावर संत्र्याचा डोया भरते. २४० खुंटावर डोये भरले, एवढंच लिवलं तुह्या पणज्यानं. आमची तिसरी पिढी पन्हेरीत, म्हंजे रोपवाटिकेत हाय. इंग्रजी मले येत नाई, पण बागेतला मानूस २४० च्या हिशेबात दुसरं काय लिवन?

कसं करते तेही सांगतो, पोराले वहीतल्या बाकी वाक्याचा अंदाज येईन. जंबेरीचं बी पेरते, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं का खुंट तयार. जमिनीपासून ईतभर वर चाकूनं सालीले टी सारखा चिरा देते, एक आडवा, एक उभा. साल सुटली पायजे, चिकटून असली का समजा रस चढला नाई. मग चांगल्या जुन्या झाडाच्या काडीवरून डोया काढते, ढालीसारखा, मागं जरा साल ठेवून. तो त्या चिऱ्यात वरून खाली सरकवते अन् पट्टीनं बांधते, डोयाचं तोंड तेवढं उघडं. थंडीत हे काम. एक चांगला कारागीर दिवसभर मान वर करत नाई.

चांदूरबाजारी (९.२६)
काका, 'डोळा बांधणे' म्हणतात ना? आमच्याकडं सगळे बांधणेच म्हणतात. बांधणारे म्हणूनच मजूर बोलावतात.

पन्हेरीवाला_शेंदुरजना (९.२९)
बांधते तं पट्टी. डोया भरते. आदी भरनं, मंग बांधनं. तुमच्याकडं बांधून मंग भरत असान तं कलमा घ्याले इकडंच काऊन येता?

निवृत्त_मास्तर_दर्यापूर (९.४१)
पन्हेरीवाल्या भाऊंना दंडवत. इंग्रजी न येता त्यांनी शब्द मुळासकट उपटून हातात दिला. तो कसा, ते सांगतो.

लॅटिनमध्ये 'ऑक्युलस' म्हणजे डोळा. आणि गंमत अशी की रोमन माळीसुद्धा झाडाच्या कोंबाला डोळाच म्हणत. 'इन' म्हणजे आत. 'इनॉक्युलारे' म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या आत बसवणे. आपण 'डोळा भरणे' म्हणतो त्यात आणि यात अक्षराचाही फरक नाही. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात आला तो याच अर्थानं, बागेतून. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्येही तो जुन्या खुंटावरच्या कलमाचीच उपमा घेऊन येतो. त्या काळात वैद्यांचा या शब्दाशी काही संबंध नव्हता.

मग दवाखान्यात कसा गेला? तुर्कस्तानात देवीच्या रोग्याच्या फोडातला पू निरोग्याच्या कातडीला चिरा देऊन आत घालत. त्याला सौम्य देवी येऊन जात आणि पुन्हा त्या वाटेला जावं लागत नसे. इमॅन्युएल टिमोनी नावाच्या वैद्यानं कॉन्स्टँटिनोपलहून याची हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली, ती १७१४ मध्ये छापली गेली. त्यात या क्रियेला 'इनॉक्युलेशन' म्हटलं आहे. इंग्रज राजदूताची बायको लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिनं १७१७ च्या पत्रात त्यालाच 'कलम करणे' या अर्थाचा शब्द वापरला. स्वतःच्या मुलाला तिथंच टोचून घेतलं आणि १७२१ मध्ये लंडनला मुलीलाही. म्हणजे पाहा, सालीला चिरा, आत परका जीव, वरून पट्टी. ज्यानं पहिल्यांदा पाहिलं त्याला माळ्याचाच शब्द आठवला. माळ्याचा शब्द वैद्यानं उसना नेला तो परत केलाच नाही. आता डिक्शनरीत वैद्य पुढं आणि माळी खाली कुठंतरी.

मोर्शीकरांच्या पणजोबांनी मात्र तो मूळ मालकाच्या अर्थानं वापरला आहे.

मूळ_शोधा (९.४५)
म्हणजे शेवटी संस्कृतच. अक्षि, ऑक्युलस. सगळ्यांची आई एकच.

निवृत्त_मास्तर_दर्यापूर (९.४९)
अक्षि आणि ऑक्युलस एका कुळातले खरे, पण चुलतभाऊ. दोघांचा आजा आणखी जुना. चुलतभावाला आई म्हणू नये, घरात भांडणं होतात. आणि मराठीतला 'डोळा' तर अक्षिपासून आलेलाच नाही, तो प्राकृतातला देशी शब्द. म्हणजे शब्दाचं घराणं वेगळं आणि कल्पना तीच. मला यातच जास्त मौज वाटते. उसाच्या टिपरीलाही दोन डोळे, बटाट्यालाही डोळा. कोणी लॅटिन शिकून ठेवलेली नावं नव्हेत ही.

मूळ_शोधा (९.५१)
तुम्ही लोक आपल्या भाषेला कमीच लेखणार.

मायक्रोची_पोर (९.५५)
मी अमरावतीला एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करते. आमच्या प्रयोगशाळेत हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो आणि त्यात सुई नसते की डोळा नसतो. तारेच्या लूपनं थोडेसे जिवाणू घेऊन अगारच्या ताटलीवर रेघा ओढायच्या, झालं इनॉक्युलेट. आजी विचारते, दिवसभर काय करते तू? मी सांगते, विरजण लावते. दुधात चमचाभर दही घालणं म्हणजे अगदी हेच. त्यामुळं हरभरावाले काकाही चूक नाहीत, बियाण्याला लावायचं रायझोबियम हे विरजणच.

हरभरा_आणि_तूर (९.५७)
पाहा. मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. कोणी ऐकत नाही.

मोर्शीचा_पोट्टा (१०.०३)
सर, काका, लय उपकार झाले. '२४० खुंटांवर डोळे भरले' असं लिहितो. पण मग पुढच्या पानाचं काय? तिथं लिहिलं आहे, 'ऑल कूलीज इनॉक्युलेटेड. नो वर्क टू डेज.' हे मी आधी सांगितलं नाही कारण ते बसत होतं. आता ते बसेना.

पन्हेरीवाला_शेंदुरजना (१०.०५)
मजुराले डोया कसा भरन? हे नाई जमत.

चांदूरबाजारी (१०.०६)
मजुरांनी डोळे भरले असं असंन. सगळ्यांनी मिळून. म्हणून दोन दिवस सुट्टी.

निवृत्त_मास्तर_दर्यापूर (१०.१४)
नाही. डोळे भरण्याच्या ऐन हंगामात मुकादम दोन दिवस सुट्टी देईल का? इथं वैद्याचाच अर्थ. एकाच वहीत, एका पानाच्या अंतरानं, एकच शब्द दोन धंद्यांत. आणि त्यांनी 'व्हॅक्सिनेटेड' लिहिलं नाही, हे महत्त्वाचं. त्या काळच्या सरकारी लिखाणात देवीच्या लशीला साधारण 'व्हॅक्सिनेशन' म्हणत आणि प्लेगच्या, कॉलऱ्याच्या टोचणीला 'इनॉक्युलेशन'. म्हणजे ही बहुधा प्लेगची टोचणी. वाल्डेमार हाफकिननं ती मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेला नाव त्यांचंच आहे. त्या टोचणीनं चांगला ताप भरे, दंड सुजे. दोन दिवस काम बंद, ते त्यामुळं. वहीत आसपास उंदराचा, गाव सोडून वावरात झोपड्या टाकल्याचा उल्लेख आहे का पाहा.

मोर्शीचा_पोट्टा (१०.२१)
आहे सर! 'व्हिलेज एम्प्टी.' मी त्याचं 'गाव रिकामटेकडं' केलं होतं.

आशाताई_धारणी (१०.२४)
म्हणजे लस टोचणे हे मी पहिल्यांदा सांगितलं तेच बरोबर निघालं की नाही? आणि ताप येतो हेसुद्धा सांगितलं होतं. लस हा शब्द तरी आपण रोज वापरतो, जखमेतून पाण्यासारखं चिकट येतं त्यालाही लसच म्हणतात. म्हाताऱ्या बाया मला अजून 'टोचणीवाली बाई' म्हणतात, लसीकरण वगैरे कोणी म्हणत नाही. तुम्ही 'सगळ्या मजुरांना टोचणी झाली' असं लिहा. गावातल्या लोकांना कळेल.

मोर्शीचा_पोट्टा (१०.२६)
ताई, एकदम बरोबर. 'टोचणी' घेतो. कूलीच्या जागी मजूर. शेवटचं विचारतो, मग त्रास देत नाही. २४० च्या ओळीनंतर महिनाभरानं लिहिलं आहे, 'वन हंड्रेड नाइन्टी टुक.' म्हणजे १९० चोरीला गेले का? कोणी नेले ते लिहिलं नाही.

गोठा_डॉट_कॉम (१०.२८)
नक्कीच चोरीला गेले. पन्हेरीतून रोपं तेव्हाही चोरीला जात असणार. आमच्या मामाची मोटर गेली, केबल गेली, आता स्प्रिंकलरचे पाइप गेले.

फळगळ_ग्रस्त (१०.२९)
वेगळा धागा काढला. तिथं कोणीच येऊन नाही राहिलं.

पन्हेरीवाला_शेंदुरजना (१०.३३)
फळगळ भाऊ, फोटो टाका तिथं, सकायी पाहतो. पाणी साचते का बुडाशी ते पह्यले पाहा.
अन् पोरा, चोरी कायची? महिन्यानं पट्टी सोडून पाहते. डोया हिरवा असला तं लागला, काया पडला तं गेला. २४० तले १९० डोये लागले. म्हातारा कारागीर चांगला होता म्हना.

मायक्रोची_पोर (१०.३५)
'डोळे लागले'! स्मरणिका वाचणाऱ्यांना वाटेल १९० मजूर झोपले.

निवृत्त_मास्तर_दर्यापूर (१०.३९)
काका बरोबर आहेत. इंग्रजीत कलम 'टेक' होतं, मराठीत ते लागतं. आणि हाच शब्द इंग्रज देवीच्या टोचणीलाही वापरत. दंडावर फोड उठला की 'टुक', नाही उठला तर पुन्हा टोचा. आमच्या आईच्या दंडावर दोन गोल व्रण होते, ती म्हणायची, माझ्या दोन्ही उठल्या. तेव्हा कलम लागतं आणि टोचणी उठते. एवढं सांभाळा. झोपेचा घोळ नको असेल तर 'त्यांपैकी १९० कलमा लागल्या' लिहा.

मोर्शीचा_पोट्टा (१०.५२)
अंतिम मजकूर टाकतो, कोणाला काही दिसलं तर आत्ताच सांगा :

'२४० खुंटांवर डोळे भरले. सगळ्या मजुरांना टोचणी झाली. दोन दिवस काम बंद. गाव ओस. २४० पैकी १९० कलमा जगल्या.'

पन्हेरीवाला_शेंदुरजना (१०.५८)
'जगल्या' नको. 'लागल्या' लिव. लागनं येगळं अन् जगनं येगळं. लागलेल्या कलमा वर्षभर पन्हेरीत ऱ्हायतात, मंग वावरात जातात, जगल्या का मेल्या ते तवा कयते. तुह्या पणज्यानं महिन्याभरातच लिवलं, त्याले ते कसं ठाऊक असन?

मोर्शीचा_पोट्टा (११.०१)
केलं. 'लागल्या'. पाठवतो.